अजून चलता, मगे कित्याक बदलूचा?

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तारीख खूप आधीपासून जाहीर होती, पण आमच्या देवगड-जामसंड्यात ती बहुतेकांना कळली ती स्क्रीनवर सूचना यायला लागली तेव्हा. तेव्हापासून माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात जो येतो तो शीर्षकातलं वाक्य म्हणत पायरी चढतो. "बंद होतला म्हणान मेसेज इलो. पण अजून चलता, मगे कित्याक बदलूचा?"

मी यावर लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, त्यामुळे माणूस जरा वैतागतो. मी विचारते, याच्यावर बसतं कोण आणि काय करतं? उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. मशीन उघडायच्या आधीच.

मुदत संपली म्हणजे मशीन बंद पडलं नाही. दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या, इतकंच. मे महिन्यात घर शाकारलं नाही म्हणून ते त्या दिवशी गळत नाही, जूनमध्ये गळतं. बँकेचे व्यवहार, जीएसटी, ईमेल ज्या मशीनवर चालतात त्याच्यासाठी जून कधीही येऊ शकतो. ज्यांना लगेच काही करायचं नाही त्यांच्यासाठी एक वर्षाची वाढीव सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याला विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर ठेवायला होकार दिला तर ते फुकट मिळतं, नाहीतर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचं बटण दिसतं. माझ्याकडच्या कित्येकांना मी एवढंच करून घरी पाठवलं. त्यात माझी कमाई काही नाही, पण घाईघाईत नवा लॅपटॉप घेऊन हप्ते भरत बसण्यापेक्षा बरं.

आता विंडोज ११. ते चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीमच चालू देणारी सोय). पिढी ओळखायची सोपी रीत म्हणजे आय३, आय५ नंतरचा आकडा बघायचा. आय५-७२०० म्हणजे सातवी, आय५-८२५० म्हणजे आठवी. चार आकडी नंबर असेल आणि तो १ ने सुरू होत नसेल तर पहिला आकडा पिढी सांगतो. लॅपटॉपवरचा स्टिकर हाताच्या घामाने कधीच पुसलेला असतो, त्यावर अवलंबून राहू नका. सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडलं की नाव दिसतं.

आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण याच्यावरून लोक फुकट पैसे घालवतात. "हे मशीन विंडोज ११ साठी योग्य नाही" असा संदेश आला म्हणजे प्रत्येक वेळी मशीन जुनं असतं असं नाही. कुणकेश्वराच्या बाजूचे एक बागायतदार काका आपला डेस्कटॉप रिक्षात घालून घेऊन आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की हे भंगार झालं, नवं घ्या. आत बघितलं तर आय३-८१००, आठव्या पिढीचा. मदरबोर्डही त्याच काळातला. मग अडलं कुठे? तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पीटीटी बंद होतं. पीटीटी म्हणजे इंटेलने प्रोसेसरबरोबरच दिलेली टीपीएमची सोय. जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये ती बऱ्याचदा बंदच असते, कारण तेव्हा कोणाला लागत नव्हती. एएमडीच्या बोर्डावर तिलाच एफटीपीएम म्हणतात. दुसरं, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली होती, त्यामुळे सिक्युअर बूट लागू होत नव्हतं. विंडोज १० मध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाची आज्ञा आतच असते, ती डेटा न पुसता डिस्कची विभागणी नव्या जीपीटी पद्धतीची करून देते. तरी मी आधी सगळ्याची प्रत घेतली. त्या आज्ञेवर माझा विश्वास आहे, आमच्या लाईटवर नाही.

काकांचं टॅली, पेट्यांचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं जागच्या जागी राहिलं आणि वर विंडोज ११ आलं, तेही फुकट, कारण त्यांचं १० अस्सल होतं. काकांना त्यातलं एकच खटकलं. "तां स्टार्टचा बटण मधी कित्याक इला?" ते डावीकडे सरकवून दिलं. खूश.

ज्यांचं मशीन खरंच सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं आहे, ते यूट्यूब बघून येतात. अटी वगळून विंडोज ११ घालायच्या युक्त्या आहेत, पेनड्राइव्ह बनवतानाच रूफस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये खूण केली की झालं. मला त्या येतात. गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी त्या करत नाही. कारण अशा मशीनला वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप मिळेल याची हमी नाही, ती दर वेळी हाताने घालावी लागते. मोंड, मिठबावहून एसटीने येणाऱ्या माणसाला मी दर वर्षी त्यासाठी बोलवू? शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या आज्ञा नसतील तर विंडोज सुरूच होत नाही, तिथे युक्ती चालत नाही. जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाले त्यात गेले. स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून करा, जरूर करा. पण ज्याला मशीन म्हणजे काम उरकायची वस्तू वाटते, त्याच्या गळ्यात ही हौस बांधू नये असं माझं मत.

बरं, ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही घाला, आधी मशीन उघडायला लागतं. किनाऱ्यावर तर लागतंच. जुलै-ऑगस्टमध्ये इथे भिंतीला हात लावला तरी ओला होतो, आणि ती हवा खारट. रॅमची पट्टी काढली की तिचे सोनेरी दात काळपट पडलेले असतात, कधी कडेला हिरवट कीट. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ते हलक्या हाताने घासले आणि मऊ ब्रशने चुरा झाडला की "चालू होत नाही" म्हणून आलेली मशीनं चालू होतात. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, मुंग्या, पंख्यावर पाल, हे तर नेहमीचंच. एका मशीनमध्ये प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या कडेला पालीची दोन अंडी होती. ती काढताना माझा हात थरथरला, मदरबोर्ड काढताना कधी थरथरत नाही.

बायोसची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, ही पण बदलून टाकायची. ती संपली की मशीनची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला धोकादायक म्हणायला लागतो. लोकांना वाटतं व्हायरस आला. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हार्ड डिस्क. माझं ठाम म्हणणं असं की जुन्या मशीनचा जीव ऑपरेटिंग सिस्टीममुळे कमी आणि फिरत्या डिस्कमुळे जास्त जातो. तीच काढून साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घातली, रॅम चाराची आठ केली, तर दहा वर्षांचा लॅपटॉप परत माणसात येतो. डीडीआर३ रॅम आता नवी सहज मिळत नाही. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून जुनी मागवते, ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल म्हणून सकाळी येते. मागवताना डीडीआर३ की डीडीआर३एल हे बघून मागवावं लागतं. पहिली दीड व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर, आणि बऱ्याच लॅपटॉपना दुसरीच लागते.

एक निवृत्त शिक्षिका आहेत, बाई म्हणूनच सगळा गाव ओळखतो. त्यांचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा, चार जीबी रॅम. त्यांना काय लागतं? मुलाशी व्हिडिओवर बोलणं, पेन्शनची स्लिप, यूट्यूबवर कीर्तन आणि फोटो. त्यात टॅली नाही, डिजिटल सहीचा डोंगल नाही. अशा माणसाला मी बेधडक लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम देते, त्यातही एक्सएफसीई नावाचा प्रकार, कारण ते हलकं आहे आणि त्याचा मेनू विंडोज ७ च्या जवळचा वाटतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्सही आहे, आपल्याकडचंच, पण माझा हात मिंटवर बसलाय. घालायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवते: वायफाय लागतंय का, कॅमेरा दिसतोय का, आवाज येतोय का. ते दिसल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे, ती मी रात्री उतरवून ठेवलेली असते, कारण दिवसा इथे रेंज कधी कुणावर प्रसन्न होईल सांगता येत नाही.

बाईंनी सगळं नीट बघितलं, मुलाला फोन लावून बघितला, मराठी टाइप करून बघितलं. मग जरा खाली आवाजात विचारलं, "आणि पत्ते गो?" पत्त्यांचा खेळ मी विसरत नाही हल्ली. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एका नावाखाली कितीतरी प्रकारचे पत्ते मिळतात. बाई आता त्यातला कुठला तरी तिसराच डाव शिकल्यात आणि मला शिकवायला बघतात.

पण सगळ्यांत जास्त वेळ गेला तो बुवांच्या मशीनवर.

हे बुवा म्हणजे डबलबारीचे. इकडे माहीत नसलेल्यांसाठी: दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, रूपावली, अभंग, गवळण, गजर, आणि एकमेकांना चिमटे काढत रात्र जागवतात. या बुवांनी रचलेले गजर आणि गवळणी त्यांच्या मुलाने वीसेक वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवले होते. वह्या मधल्या काळात वाळवीने खाल्ल्या. म्हणजे जे होतं ते त्या मशीनमध्येच. मशीन कोअर टू ड्युओ, त्यावर विंडोज ७, ज्याची मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपलेली. क्रोमही त्यावर १०९ या आवृत्तीला थांबलेलं. नातीला त्यावर शाळेचं काम करायचं होतं आणि साइट उघडत नव्हत्या.

मिंट घालणं अवघड नव्हतं. पण मी फाइली उघडून बघितल्या आणि हात आखडता घेतला. गजर युनिकोडमध्ये, म्हणजे आज कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नव्हतेच. त्या काळी डीटीपीवाले आणि घरचे हौशी लोक मराठी टाइप करायला आयएसएम, श्रीलिपी, आकृती असलं काहीतरी सॉफ्टवेअर वापरायचे. त्यात संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच किंवा एखादं चिन्ह असायचं. त्या जागी मराठी वळण दाखवायचं काम फॉन्टचं. फॉन्ट आहे तोवर विठ्ठल, फॉन्ट गेला की नुसता चिन्हांचा कचरा. म्हणजे कोणीतरी डिस्क फॉरमॅट करून, "फाइली कॉपी केल्यात हां बुवानू" म्हणून पेनड्राइव्ह हातात दिला असता, तर फाइली सगळ्या असत्या आणि एक ओळ वाचता आली नसती.

त्यामुळे सांगते, कोणाच्याही घरात २००० ते २०१० च्या दरम्यान टाइप केलेलं मराठी असेल, देवस्थानचा जमाखर्च असो, कुलवृत्तांत असो, लग्नपत्रिकांचे मजकूर असोत, तर मशीन बदलताना विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर अख्खं उचलून ठेवा. नावं डीव्ही-टीटी सुरेख, योगेश अशी काहीतरी दिसतील. त्याचबरोबर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, फॉन्ट आत धरून. मजकूर निदान डोळ्याला तरी दिसत राहील.

बुवांना डोळ्याला दिसून भागणार नव्हतं, त्यांना फोनवर हवं होतं. मग युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. त्यासाठीची साधनं नेटवर फुकट मिळतात, मजकूर एका खोक्यात चिकटवायचा, दुसऱ्यात मराठी येतं. येतं, पण जसंच्या तसं नाही. जुन्या फॉन्टात अक्षरं कागदावर जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून. युनिकोडमध्ये उलट, आधी अक्षर आणि मग वेलांटी. ती डावीकडे दाखवायचं काम स्क्रीनचं. साधं 'वि' असेल तर अदलाबदल नीट होते. जोडाक्षर आलं की गोंधळ. 'भक्तिभाव' चा 'भक्ितभाव' होतो, 'स्थिती' ची 'स्िथती'. रफाराचं तर याहून वाईट, तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पण उच्चारात असतो त्याच्या आधी, म्हणून 'सर्व' चं 'सवर्' आणि 'धर्म' चं 'धमर्'. जुन्या बातम्यांच्या साइटवर असली अक्षरं दिसतात ना, ती याचमुळे.

पहिला गजर बदलून मी बुवांना दाखवला. चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, "गो, ह्या समोरच्या बुवाचा दिसता. माजा न्हय."

ठरावीक चुका शोधा-आणि-बदला वापरून एकगठ्ठा काढल्या. पण त्यातही भान ठेवावं लागतं. 'सवर्' चं 'सर्व' आंधळेपणाने केलं तरी चालतं, वेलांटीचं प्रत्येक जोडाक्षर वेगळं धरावं लागतं. 'ऱ्या' चा प्रकार तर हातानेच केला: दुसऱ्या, साऱ्या, गोऱ्या. उरलेलं नातीने मोठ्याने वाचलं, बुवा शेजारी बसून ताल धरत ऐकत होते, आणि जिथे ताल मोडला तिथे चूक होती. हे मला कुठल्याही सॉफ्टवेअरने करून दिलं नसतं. एका गवळणीत एक ओळ मूळ टाइप करतानाच गळली होती, तीही अशीच सापडली.

तो कॉम्प्युटर आता मिंटवर आहे, नात त्यावर शाळेचं काम करते. जुनी डिस्क पुसली नाही. काढून, पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून, बुवांच्या कपाटात ठेवायला दिली.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. सिस्टीम बदलायच्या आधी प्रिंटरचा मॉडेल नंबर मला सांगा. काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात, काहींना वेगळा ड्रायव्हर शोधावा लागतो, आणि काही असे हट्टी आहेत की त्यांच्यापायी मी लोकांना विंडोजवरच राहायला सांगितलंय. टॅलीचंही तसंच, ते विंडोजसाठी बनलेलं आहे. हिशेबाचं मशीन विंडोजवर ठेवा, घरचं मिंटवर न्या, दोन्हींची गल्लत करू नका.

एक मशीन मी आहे तसंच सोडलं. आंब्याच्या एका पॅकिंगच्या शेडमध्ये लेबलं छापायला विंडोज एक्सपीवरचा डबा आहे. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. पण लेबलचा प्रिंटर समांतर पोर्टाचा, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या रुंद जोडणीचा, त्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, आणि मशीनला इंटरनेटची वायर कधी लागलेलीच नाही. त्याला काय करायचं? काही नाही. यूएसबीत बाहेरचा पेनड्राइव्ह घालायचा नाही असा कागद चिकटवला आणि डिस्कची एक हुबेहूब प्रत काढून ठेवली, म्हणजे डिस्क मेली तर दुसरी लावता येईल. मालकांना वाटलं मी काहीच केलं नाही, पैसे कसले घेते. असो.

राहिला प्रश्न कधी करायचं. पावसाळ्यात नको. अपडेट ऐंशी टक्क्यांवर आणि लाईट गेली, हा खेळ आमच्याकडे नवा नाही, आणि वीज कडाडत असताना तर प्लगच काढून ठेवावा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं तेव्हा लाईट परत आल्यावर उडालेल्या एसएमपीएसची दुकानात रांग लागली होती. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर बॅटरी धड आहे ना बघूनच अपग्रेडला बसवा. बायोसला हात लावण्याआधी डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेही बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभं राहाल.

बागायतदारांनी फेब्रुवारीच्या आत यावं. "आंबो सुरू होवच्या आधी करून दी" असं मार्चच्या शेवटी म्हणत येऊ नका. तोवर पहिल्या पेट्या वाशीला पोचलेल्या असतात आणि मी तुमचं हिशेबाचं मशीन उघडायचं धाडस करणार नाही. येताना चार्जर आणा, फक्त लॅपटॉप नको. आणि पासवर्ड नातवाला आत्ताच विचारून ठेवा. तो पुण्यात मीटिंगमध्ये असतो, फोन उचलत नाही, आणि तुमची तीनची एसटी निघून जाते.